बकरम : ठाण्याचे कापड, फॉल्स्टाफची थाप

प्रश्न : मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाचा हेन्री यूलने केलेला इंग्रजी अनुवाद सध्या वाचतो आहे. ठाण्याहून चामडे, कापूस आणि चांगल्या प्रतीचे 'बक्रम' जहाजांनी परदेशी जाते, असे त्यात लिहिले आहे. आमचा शिंपी शर्टाच्या कॉलरमध्ये घालतो ते बकरम हेच का? सातशे वर्षांपूर्वी आमच्या गावाचे नाव काय कॉलरच्या अस्तरासाठी होते? दुसरे असे, की मुलीला कॉलेजात शेक्सपिअर लागला आहे. तिच्या पुस्तकातल्या टिपेत 'बक्रममधली माणसे' या शब्दप्रयोगाचा अर्थ 'अस्तित्वातच नसलेली माणसे' असा दिला आहे. कापडाचा आणि नसलेल्या माणसांचा संबंध काय? आणि या शब्दाचे बकऱ्याशी काही नाते आहे का?
— एक वाचक, टेंभी नाका, ठाणे (प.)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे. बकऱ्याशी बकरमचा संबंध नाही. इंग्रजीतला 'बक्रम' आपल्या शिंप्यांच्या जिभेवर रुळताना जोडाक्षर सुटले आणि शब्दाला उगीच शिंगे फुटली, इतकेच. फ्रेंचमध्ये बोकडाला 'बूक' म्हणतात आणि या कापडाला 'बूग्रां', तेव्हा असा मोह तिकडेही होण्यासारखा आहे. पण तो आवरावा.

आता कॉलरकडे वळू. शब्द तोच आहे, कापड मात्र ते नव्हे.

आजचे बकरम म्हणजे विरळ विणीचे, बहुधा सुती कापड. त्याला भरपूर खळ किंवा रेझिन देऊन ताठ केलेले असते. कॉलर, कफ, पँटचा कंबरपट्टा, बंद गळ्याच्या कोटाची मान, पडद्याच्या चुण्यांमागची पट्टी या सगळ्यांना आकार देण्याचे काम ते करते. इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारे 'फ्युजिंग' आल्यापासून जुन्या पद्धतीने शिवून बसवायच्या बकरमचे काम कमी झाले असले, तरी जांभळी नाक्याच्या बाजारात कोणत्याही शिवणसाहित्याच्या दुकानात नुसते 'बकरम द्या' म्हटले की काय हवे ते दुकानदाराला कळते. हे कापड कधी दिसत नाही आणि दिसले तर शिंप्याची चूक समजली जाते. त्यामुळे आपल्या गावाने सातशे वर्षांपूर्वी हा माल जगाला पुरवला हे वाचून तुमचा थोडा हिरमोड झाला असेल, तर ते स्वाभाविक आहे. मात्र त्याचे कारण नाही.

पोलो १२९५ मध्ये व्हेनिसला परतला आणि १२९८ मध्ये जिनोआच्या तुरुंगात असताना त्याने रुस्तिचेलो नावाच्या लेखकाला आपली हकीकत सांगितली. म्हणजे त्याने दिलेले ठाण्याचे वर्णन तेराव्या शतकाच्या अखेरचे आहे. कोकणच्या शिलाहारांची राजधानी राहिलेले हे 'श्रीस्थानक' तोवर देवगिरीच्या यादवांच्या अमलात गेले होते. पोलो मात्र इथला राजा कोणालाही खंडणी देत नाही असे सांगतो. त्याची राजकारणाची बातमी कच्ची आहे, बाजाराची पक्की. इथे मिरी होत नाही. ऊद होतो, पण पांढरा नव्हे, तपकिरी. बाहेरून सोने, चांदी, तांबे येते. बाहेर जाते ते चामडे, कापूस आणि बक्रम, अशी व्यापाऱ्याच्या वहीत शोभेल अशी नोंद तो करतो. राजा आणि चाचे यांच्यातला करारही त्याने टिपला आहे. लुटीत घोडे सापडले तर ते राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. आपल्या मुलखात घोडा होत नव्हता आणि अरबस्तानाकडून येणाऱ्या घोड्याला मोल फार होते, म्हणून ही सोय. राजाला हे शोभत नाही, असेही पोलो बजावतो.

इथे एक धोक्याची खूण करून ठेवतो, कारण तुम्ही मूळ ग्रंथ वाचत आहात. जुन्या युरोपीय पुस्तकांत 'ताना' नावाची दोन गावे येतात. एक आपले ठाणे. दुसरे काळ्या समुद्राच्या पलीकडे, डॉन नदीच्या मुखाशी होते. तिथे व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची वखार होती आणि व्हेनिसच्या आरमारी गोदीतला दोरखंडांचा कारखानाही याच तानाच्या नावाने ओळखला जाई, कारण दोरखंडांसाठीचा हेंप तिकडून येई. तेव्हा 'ताना' दिसले की लगेच तलावपाळीकडे धावू नये. पोलोच्या ज्या प्रकरणाबद्दल तुम्ही लिहिले आहे, ते मात्र निःसंशय आपले. त्याच्या मागेपुढे मलबार, गुजरात, खंबायत, सोमनाथ अशी पश्चिम किनाऱ्याची रांगच लागली आहे.

पोलोच्या तोंडी आलेल्या या कापडाचा पोत कसा होता, याचा पुरावा त्याच ग्रंथात सापडतो. तेव्हाच्या आर्मेनियातल्या एर्झिंजान या गावाबद्दल तो म्हणतो की जगातले उत्तम बक्रम तिथे विणले जाते. आंध्रच्या किनाऱ्यावर, काकतीय राणी रुद्रमादेवीच्या मुलखात पोचल्यावर तर त्याला शब्द अपुरे पडतात. तिथले बक्रम कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम असते आणि कोणत्याही राजाने किंवा राणीने ते आनंदाने अंगावर घालावे, असे तो सांगतो. कॉलरच्या अस्तराबद्दल असे कोणी बोलणार नाही. यूलचा अनुवाद १८७१ चा आहे. तो मूळचा लष्करी इंजिनिअर, पण टिपा लिहिण्याची त्याची हौस अफाट. मध्ययुगातले बक्रम हे बऱ्याचदा मौल्यवान, झिरझिरीत कापड असे आणि आजच्या अर्थाने ते वाचू नये, हे त्याने टिपेत सविस्तर दाखवून दिले आहे. टिपा वगळून वाचण्याची सवय असेल तर यूलपुरती ती मोडा. निम्मा ग्रंथ टिपांतच आहे.

ठाण्याच्या विणकरांविषयी आणखी एक दाखला त्याच टिपांत मिळतो. सोळाव्या शतकाच्या अखेरचा इटालियन लेखक बोतेरो सांगतो की एका प्रचंड शहराचे अवशेष इथे दिसतात आणि गावात अजून ५००० मखमल विणणारे आहेत. तेव्हा इथे पोर्तुगीज होते. मराठ्यांनी ठाणे घेतले ते १७३७ मध्ये. आकडा फुगवलेला असेलही, पण पडत्या काळातही कापडासाठी ठाण्याचे नाव इटलीपर्यंत जात होते, एवढे त्यातून नक्की कळते. विसाव्या शतकात १९२५ साली पुढे 'रेमंड' झालेली लोकरी गिरणी ठाण्यातच उभी राहिली. तिच्या सुटिंगच्या कोटांना आतून बकरम लागले असणार.

नाव आले कुठून? मध्य आशियातल्या बुखारा शहरावरून, असे बहुतेक कोश मानतात. इटालियनमध्ये हे कापड 'बुकेरामे'. तिथल्या काहींनी त्याचा संबंध 'भोके पाडणे' या अर्थाच्या क्रियापदाशी लावला, कारण विणीतून आरपार दिसे. मला बुखाराच पटते. कापडांना गावाचे नाव पडणे ही त्या काळची रीतच होती. मोसुलवरून मस्लिन, कालिकतवरून कॅलिको. आणि गावाचे नाव लागले म्हणजे कापड त्याच गावात विणले जाई असेही नव्हे. ठाण्याचा माल बुखाऱ्याच्या नावाने ओळखला गेला, यात काही विशेष नाही.

मग उंची कापडाचे अस्तर कसे झाले? पंधराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये हा शब्द खळ दिलेल्या जाड लिननच्या कापडाला लागू लागला होता. मूळ सुती कापड दुरून येणारे आणि महाग. घरच्या जवसाच्या धाग्यापासून स्वस्त नक्कल विणायची, तिला खळ देऊन चकाकी आणि भारदस्तपणा आणायचा आणि नाव मात्र उंची मालाचे ठेवायचे, हा बाजाराचा जुना धंदा आहे. खळ धुतली की नक्कल उघडी पडते. म्हणून ते कापड धुवायच्या कपड्यातून निघून अस्तरात गेले असावे, असे मला वाटते. पुढे हिंदुस्थानचे तलम कापड पुन्हा मुबलक येऊ लागले, तेव्हा ते नव्या नावांनी आले. जुने नाव नकलेजवळच राहिले.

शेक्सपिअरला हे दुसरे, घसरलेले बक्रम माहीत होते. तुमच्या मुलीच्या पुस्तकातला शब्दप्रयोग 'हेन्री चौथा, भाग पहिला' या नाटकातून निघाला आहे. नाटक १५९८ मध्ये छापले गेले. त्याच्या दुसऱ्या अंकातला चौथा प्रवेश तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. नुसत्या टिपेतून त्याची मजा कळणार नाही.

प्रसंग असा. सर जॉन फॉल्स्टाफ हा लठ्ठ, म्हातारा, दारूबाज, भित्रा आणि तरीही प्रेक्षकाला हवाहवासा वाटणारा सरदार. युवराज हॅल त्याच्या संगतीत दिवस काढतो. गॅड्स हिल या टेकडीजवळ वाटसरूंना लुटायचे ठरते. फॉल्स्टाफ आणि त्याचे तीन साथीदार लुटतात. मग युवराज आणि त्याचा दोस्त पॉइन्स, दोघेच, वेष पालटून या लुटारूंनाच गाठतात. ओळखीचे कपडे झाकायला त्यांनी वरून चढवले आहेत ते बक्रमचे झगे. कापड स्वस्त, जाड आणि कोणाच्याही लक्षात न येणारे, म्हणून बक्रम. फॉल्स्टाफ लूट टाकून धूम ठोकतो.

नंतर खानावळीत तो पराक्रम सांगायला बसतो. बक्रम घातलेल्या दोघांना मी लोळवले, म्हणतो. पुढच्याच वाक्यात ते चार होतात. चाराचे सात, साताचे नऊ, नवाचे अकरा. युवराज मध्ये मध्ये फक्त आकडा विचारतो आणि आकडा वाढत जातो. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी नाक्यावर थरांची गोष्ट ऐकली असेल, तर सहाचे नऊ कसे होतात हे टेंभी नाक्याच्या माणसाला मी सांगायला नको. अकरावर भागत नाही तेव्हा हिरव्या कपड्यातले आणखी तिघे पाठीमागून येतात. आणि काळोख किती? तर स्वतःचा हात दिसू नये इतका. हात दिसत नाही त्या काळोखात कापडाचा हिरवा रंग कसा दिसला, असे युवराज विचारतो, तेव्हा फॉल्स्टाफची बोलती बंद होते. पण तीही क्षणभरच. ते दोघे आम्हीच होतो, असे युवराजाने उघड केल्यावर तो म्हणतो, मी ओळखलेच होते तुला. राज्याच्या वारसावर हात कसा उगारू?

या प्रवेशाची गंमत आकड्यात आहे असे सगळे म्हणतात. माझ्या मते ती कापडात आहे. फॉल्स्टाफ माणसे वाढवतो, वार वाढवतो, पण बक्रम सोडत नाही. त्या गडबडीत त्याने खरोखर पाहिलेली गोष्ट ती एकच, आणि थापेला कुठेतरी खरी खुंटी लागतेच. शिवाय प्रेक्षकाने ते झगे थोड्या वेळापूर्वी रंगमंचावर पाहिलेले असतात. प्रत्येक वेळी 'बक्रम' हा शब्द आला की त्याला दोनच झगे आठवतात आणि आकडा आपोआप हास्यास्पद होतो. महाभारतातला विराटपुत्र उत्तर लढाईला जाण्याआधी अंतःपुरात फुशारक्या मारतो आणि कौरवसेना दिसताच रथातून उडी टाकून पळतो. फॉल्स्टाफचे उलटे : आधी पळणे, मग फुशारकी. उत्तराला बृहन्नडेने सावरले, फॉल्स्टाफला सावरायला त्याची जीभ पुरेशी होती.

या प्रवेशामुळे 'बक्रममधली माणसे' म्हणजे कल्पनेतले शत्रू, कागदावरचे सैन्य, बोलणाऱ्याच्या डोक्यात जन्मलेली गर्दी, असा अर्थ इंग्रजीत रूढ झाला. १८७० मध्ये निघालेल्या ब्रुअरच्या वाक्प्रचारकोशातही तो या अर्थाने मिळतो. आज इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो माहीत असेल. जुने अग्रलेख, संसदेतली भाषणे, समीक्षा यांत मात्र भेटतो.

शेक्सपिअरने हा शब्द आणखी एका ठिकाणी वापरला आहे आणि तो वापर मला अधिक तिखट वाटतो. 'हेन्री सहावा, भाग दुसरा' यात बंडखोर जॅक केडपुढे त्याची माणसे लॉर्ड 'से' याला पकडून आणतात. 'से' हे त्या काळी एका तलम कापडाचेही नाव होते. केड त्या नावावरून सुरू करतो आणि से, मग सर्ज, मग बक्रम असा त्या सरदाराला एकेक पायरी उतरवत नेतो. वरून रेशमी दिसणारा हा माणूस आतून खळीवर उभा आहे, असा तो टोमणा. केड स्वतःही नाटकात कापडाच्या धंद्यातलाच दाखवला आहे, त्यामुळे शिवी त्याच्या तोंडी चपखल बसते. पंधराव्या शतकात शब्दाची जी घसरण झाली, ती इथे एका ओळीत ऐकू येते. भाषांतर करणाऱ्याने इथे 'जाडेभरडे कापड' लिहून मोकळे होऊ नये. खळीचा उल्लेख हवाच, नाहीतर टोमणा मरतो.

पुढच्या शतकांत बक्रम हे माणसाच्या ताठ, शिष्टाचारी वागण्याचे आणि बोजड गद्याचे विशेषण झाले. आपण 'कडक इस्त्रीचा माणूस' म्हणतो ते जवळपास तेच, फक्त इंग्रजाने दोष इस्त्रीला न देता आतल्या कापडाला दिला. जुन्या कादंबरीत एखाद्या पात्राला असे म्हटलेले आढळले तर कपड्यांचे वर्णन समजू नका, स्वभावाचे समजा.

बकरम उजळ माथ्याने बाहेर दिसते ती जागा एकच, ग्रंथालय. पुस्तकाच्या बांधणीवर चढवायचे टिकाऊ कापड म्हणूनही ते वापरतात आणि तेथे ते झाकायचे नसते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ ला सुरू झाले. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांत होते. अशा जुन्या संग्रहांत कापडी बांधणीचे महत्त्व फार. पण खळीचे बकरम आपल्या हवेला तितकेसे मानवत नाही. दमटपणात खळ सुटते, डाग पडतात आणि झुरळे व कसर यांना खळ आवडते. म्हणून आता खळीऐवजी अ‍ॅक्रिलिक दिलेले बांधणी-कापड मिळते. घरची पुस्तके बांधून घेणार असाल तर तेच मागा.

प्रश्न : 'डंगरी' हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला असे ऐकले. खरे का? आणि ठाण्याच्या कापडाला पोलो भेटला, तसा कल्याणच्या कापडाला कोणी भेटला का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : डंगरीबाबत ऐकलेत ते बरोबर. जाड्याभरड्या सुती कापडाचे हे नाव डोंगरीवरून पडले, असे बहुतेक कोश मानतात आणि इंग्रजी व्यापाऱ्यांच्या कागदांत ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडते. शिडे, तंबू आणि खलाशांचे कपडे हा त्याचा पहिला उपयोग. पुढे कापडाचे नाव त्याच्या विजारीला लागले आणि आता खांद्यावर पट्टे असलेल्या कपड्याला. बकरम उतरले, डंगरी मात्र मॉलमध्ये चांगल्या किमतीला विकली जाते.

कल्याणचा दाखला ठाण्याहून पुष्कळ जुना आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक लेखकाने 'कल्लियाना' हे मोठे बंदर सांगून तिथून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड जाते असे लिहिले आहे. त्याच्याही आधी, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत कल्याण येते ते तक्रारीच्या सुरात : इथे व्यापाराला आडकाठी आहे आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. कापडाचे वेगळे नाव मात्र दोघांनीही दिलेले नाही.

वाचकांना एक विनंती. शब्दाविषयी प्रश्न पाठवताना तो ज्या पुस्तकात भेटला त्याचे नाव, अनुवादकाचे नाव आणि आवृत्तीचे साल अवश्य कळवा; नाटक असेल तर अंक आणि प्रवेशही लिहा. टेंभी नाक्याच्या वाचकाने यूलचे नाव दिले होते, म्हणूनच हे उत्तर देता आले.